खोक्यातले विज्ञान आणि सुटीची भेट

दिवाळी जवळ आली किंवा उन्हाळ्याची सुटी लागली, की शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, पोराला काहीतरी शैक्षणिक घ्यावं म्हणतो. काय घेऊ?" विचारणाऱ्याने बहुधा एखादे रंगीत खोके आधीच पाहून ठेवलेले असते. त्याला फक्त आपला होकार हवा असतो आणि आपणही तो देऊन मोकळे होतो. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्रपटाचेही होते. पण 'शैक्षणिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे परीक्षण क्वचितच होते. ते येथे करावयाचे आहे.

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे तो घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत. घरी शिकणारी मुले म्हटली की, विचारपूर्वक शाळा नाकारलेली पुण्यामुंबईकडची कुटुंबे डोळ्यांपुढे येतात. अशी कुटुंबे आहेत. त्यांची मुले पुढे १७ नंबरचा अर्ज भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षेला बसतात. पण घरी शिकणारी मुले तेवढीच नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा तर खेड्यापाड्यांतले प्रत्येक घर शाळा झाले होते. आणि सुटीत प्रत्येक मूल काही आठवडे घरीच शिकत असते, आपण शिकवले तरी आणि न शिकवले तरी.

शाळेत जाणाऱ्या मुलाला दिलेली भेट वाया गेली तर फार बिघडत नाही. त्याला वर्ग आहे, सोबती आहेत, मोडकी का होईना प्रयोगाची पेटी आहे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती भेट हीच त्याची प्रयोगशाळा असते. म्हणून तिची निवड काळजीपूर्वक व्हायला हवी.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातले सिद्धेश्वर. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरीचे धरण आहे आणि खाली सिद्धेश्वरचे, मातीचे, सुमारे ६ कि.मी. लांबीचे. अशा गावातल्या घरी शिकणाऱ्या मुलाला काय द्यावे? उत्तर शोधताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारू : ही वस्तू वापरताना विचार कोण करतो? मूल, की वस्तू बनवणारा?

प्रयोगांचे खोके

बाजारात सर्वांत जास्त खपते ते '५० प्रयोग', '१०० प्रयोग' असे लिहिलेले खोके. त्यातला लाडका प्रयोग ज्वालामुखीचा. प्लॅस्टिकचा डोंगर, त्यात खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फेस उसळतो, टाळ्या पडतात. परंतु या प्रयोगाचा ज्वालामुखीशी संबंध केवळ दिसण्यापुरता आहे. येथे आम्ल आणि सोडा यांच्या क्रियेतून कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. खऱ्या ज्वालामुखीत वितळलेल्या खडकात विरघळलेले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ, दाब कमी होताच बाहेर पडतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर जे होते ते याच्या कितीतरी जवळचे आहे. पण त्याला खोके लागत नाही.

अशा खोक्याचा मुख्य दोष चुकीची तुलना हा नाही. प्रयोगाचा निष्कर्ष खोक्याच्या झाकणावरच छापलेला असतो, हा खरा दोष आहे. मुलाने पायऱ्या १ ते ६ पाळायच्या आणि चित्रात दाखवले तसे झाले की प्रयोग 'यशस्वी'. तसे झाले नाही तर मूल म्हणते, "प्रयोग चुकला." निसर्गात प्रयोग चुकत नाही, आपला अंदाज चुकतो. ही गोष्ट शिकवण्याची संधी खोके हिरावून घेते. दोन दिवसांत पुड्या संपतात, आणि त्यांबरोबर विज्ञानही.

तरीही खोके आधीच घरात आले असेल तर ते टाकून देऊ नये. त्यातले चुंबक, तार, बल्ब, भिंग हे सुटे भाग उपयोगाचे असतात. माहितीपत्रक आठवडाभर पालकांनी काढून ठेवावे आणि भाग मुलाच्या हाती द्यावेत. चुंबकाला काय चिकटते आणि काय नाही याची घरभर फिरून केलेली यादी ही पत्रकातल्या दहा प्रयोगांपेक्षा मोलाची ठरते. मात्र लहान भावंडे असतील तर बटणासारखे चपटे सेल आणि बारीक शक्तिशाली चुंबक त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. ते गिळले गेल्यास आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

'५०० पट' दाखवणारी दुर्बीण

दुसरा प्रकार उपकरणांचा. खेळण्यातल्या दुर्बिणीवर '५०० पट' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. दुर्बिणीचे उपयुक्त वर्धन तिच्या पुढच्या भिंगाच्या व्यासावर अवलंबून असते. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट वर्धन उपयोगाचे. ५० मि.मी. भिंगाला सुमारे १०० पट ही मर्यादा झाली. त्यापुढे चित्र मोठे होते, पण तपशील वाढत नाही. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरले तर केवळ ठिपके मोठे दिसावेत, तसे. त्यात तिपाई लटपटती असते. मूल चंद्र शोधू लागते, चंद्र निसटतो, आणि चौथ्या रात्री दुर्बीण माळ्यावर जाते. 'मला खगोलशास्त्र जमत नाही' असा समज मात्र मुलाजवळ राहतो.

१६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे २० पट वर्धनाच्या दुर्बिणीतून. आज १०×५० ची साधी द्विनेत्री भिंतीला किंवा झाडाला नीट टेकवून धरली तर ते चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. तिच्यातून दिवसा पक्षीही पाहता येतात. मराठवाड्यातल्या जलाशयांवर हिवाळ्यात चक्रवाकासारखे पाहुणे उतरतात. सिद्धेश्वरच्या मुलाला द्विनेत्रीचा उपयोग रात्रीपेक्षा दिवसाच अधिक होईल. किंमत जास्त वाटली तर दोन-तीन घरांनी मिळून एक घ्यावी. द्विनेत्रीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, ही ताकीद भेट देतानाच द्यावी.

सूक्ष्मदर्शकाची कथा अशीच आहे. '१२०० पट' असे लिहिलेल्या खेळण्यात बहुधा धूसर अंधारच दिसतो. याउलट स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली शोधनिबंधातून मांडलेला, कागदाची घडी घालून बनवायचा 'फोल्डस्कोप' पाहावा. त्यात एकच बारीक गोल भिंग आहे. सतराव्या शतकात लिवेनहुकने सूक्ष्मजीव पाहिले तेही एकाच भिंगातून. नेहमीच्या फोल्डस्कोपचे वर्धन १४० पट आहे आणि ते खरे आहे. जलाशयाच्या काठच्या शेवाळाचा थेंब त्यात जिवंत होतो. उणीव सांगायची तर, तो डोळ्याला अगदी चिकटवून धरावा लागतो आणि प्रतिमा स्पष्ट करायला सराव लागतो. आठ वर्षांखालच्या मुलाला तो एकट्याने जमेलच असे नाही. त्याला साधे हातभिंग द्यावे.

टाकाऊतून विज्ञान

खोक्यांना उत्तर म्हणून आपण नेहमी टाकाऊ वस्तूंकडे बोट दाखवतो. या परंपरेतले सर्वांत मोठे नाव अरविंद गुप्ता यांचे. पुण्याच्या कारखान्यात अभियंता असताना १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन रुपयांच्या वस्तूतून विज्ञान दाखवता येते हे त्यांनी सिद्ध केले, आणि शिक्षकांवर त्यांचे ऋण आहे.

टीका करायची ती त्यांच्या कामावर नव्हे, आपण त्याचा जो वापर करतो त्यावर. काड्यांचा त्रिकोण दाबला तर तो मोडत नाही. चौकोन दाबला तर तिरका होतो. येथे थांबून "असे का?" हा प्रश्न मुलाला पडला, त्याने चौकोनात कर्णाची काडी घातली आणि मग गावातला विजेचा मनोरा पाहून त्यात त्रिकोण मोजले, तर ते विज्ञान झाले. पण आपल्याकडे बहुधा असे होते की, मूल सुंदर घनाकृती करते, आपण ती कपाटावर ठेवतो आणि प्रदर्शनात पाठवतो. विचार करण्याचे काम येथेही राहूनच गेले. टाकाऊ वस्तू स्वस्त आहे एवढ्यावर ती शैक्षणिक ठरत नाही. खोक्याला लावलेली कसोटी तिलाही लावलीच पाहिजे.

ताराबाईंनी काय बदलले?

साहित्य महाग की स्वस्त हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने अत्यंत रेखीव असतात. १ सें.मी. पासून १० सें.मी. पर्यंतचे दहा ठोकळे एकावर एक रचताना चूक झाली तर ती मुलाला स्वतःलाच कळते, ही त्यांची खुबी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. खेड्यात ती साधने परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने, फुले यांपासून साहित्य तयार केले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचे मूळ तेथे आहे.

या घटनेचा अर्थ 'महाग लाकडाऐवजी फुकट बिया' एवढाच घेतला तर आपण तिला न्याय देत नाही. ताराबाईंनी साहित्य बदलले, पण तत्त्व सोडले नाही. खडे लहान-मोठे लावताना चूक दिसली पाहिजे, ती मुलाला स्वतः दिसली पाहिजे आणि त्यानेच ती सुधारली पाहिजे, हे त्यांनी कायम ठेवले. चांगल्या भेटीचे लक्षण आपल्याला येथे सापडते : आपले चुकले आहे हे मुलाला मोठ्यांनी न सांगता कळावे.

मोजण्याची भेट

हे लक्षण सर्वांत चांगले कोणत्या वस्तूंत आढळते? माझ्या मते मोजमापाच्या वस्तूंत. पोलादी फीत, ओळंबा, तापमापक, मोजपात्र, होकायंत्र, स्वयंपाकघरातला छोटा काटा, आणि या सर्वांबरोबर एक जाड वही. यांतली कोणतीही वस्तू मुलाला उत्तर सांगत नाही. ती फक्त आकडा देते, आणि दुसऱ्यांदा मोजल्यावर वेगळा आकडा आला की मुलाला विचार करणे भाग पडते.

सिद्धेश्वरला याचा वापर कसा होईल ते पाहू. १ मीटरची सरळ काठी ओळंबा लावून अंगणात उभी करायची आणि रोज दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती सुमारे ७० सें.मी. भरेल, २२ डिसेंबरला सुमारे ९३, २१ मार्चला सुमारे ३६, आणि १८ मेच्या सुमारास, दुपारी १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास, ती नाहीशी होईल. हे आकडे शिक्षकांच्या पडताळ्यासाठी आहेत. मुलाला ते आधी सांगू नयेत, नाहीतर आपणही झाकणावर निष्कर्ष छापल्यासारखे होईल. दिवाळीला दिलेली काठी उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत पुरते. असे कोणते खोके पुरेल?

पाण्याचेही तसेच. उभ्या भिंतीच्या डब्यात रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून पाऊस मोजता येतो. हवामान खात्याची वेळही तीच आहे. १० मि.मी. पाऊस झाला तर ३० चौ.मी. पत्र्यावर ३०० लिटर पाणी पडले, आणि १ हेक्टर शेतावर १ लाख लिटर. पावसाळा नसेल तर पसरट पातेल्यातले पाणी दिवसात किती मि.मी. उडाले ते मोजावे. १ चौ.कि.मी. जलाशयावरून १ सें.मी. पाणी उडाले तर ते १ कोटी लिटर होते. मग मुलाला विचारावे : पातेल्यातला आकडा जलाशयाला जसाच्या तसा लावता येईल का? येणार नाही. पातेले लवकर तापते, त्याला चहूबाजूंनी वारा लागतो, म्हणून त्यातले पाणी अधिक वेगाने उडते. हे मुलाने स्वतः शोधले, तर धरण म्हणजे केवळ सहलीचे ठिकाण राहत नाही. मात्र मोजमाप अंगणातच करावे. मुलांना जलाशयावर एकटे पाठवू नये.

मोजण्याचा आग्रह किरकोळ वाटत असेल, तर याच औंढा नागनाथ तालुक्यात काय उभे राहणार आहे ते आठवावे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये खर्चासह मंजुरी दिली. काटकोनातल्या प्रत्येकी ४ कि.मी. लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तर तो ओळखायचा. थोडक्यात, ती एक विलक्षण नाजूक मोजपट्टीच आहे. तिच्या उभारणीत 'आयुका' ही एक सहभागी संस्था आहे. आगकाड्यांच्या खेळण्यांना आसरा देणारी आणि लायगोत भाग घेणारी संस्था एकच असावी, यात विसंगती काहीच नाही. अंगणातली काठी आणि ४ कि.मी.ची भुजा यांच्यात अंतर आहे ते अचूकतेचे. चूक किती असू शकते हे विचारण्याची सवय दोन्हीकडे तीच लागते.

सोबती कोठून आणायचा?

घरी शिकणाऱ्या मुलाची मोठी अडचण उपकरणांची नसून एकटेपणाची आहे. आपला निष्कर्ष खोडून काढणारा दुसरा विद्यार्थी त्याच्याजवळ नसतो. खोके ही उणीव भरून काढत नाही, कारण प्रत्येक घरात त्याचे उत्तर सारखेच येते. मोजलेला आकडा मात्र दुसऱ्याच्या आकड्याशी ताडता येतो.

समजा, २२ डिसेंबरला सिद्धेश्वरच्या मुलीने सावली मोजली ९३ सें.मी. आणि कोल्हापूरच्या मुलाने मोजली ८४. काठी आणि सावली कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजले तर ते अनुक्रमे सुमारे ४३ आणि ४० अंश येतील. बारकाईने पाहिले तर फरक सुमारे २.९ अंशांचा. नकाशावर दोन्ही गावांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३२० कि.मी. आहे. २.९ अंशांना ३२० कि.मी., तर ३६० अंशांना किती? उत्तर ४०,००० कि.मी.च्या जवळ येते. हा पृथ्वीचा परीघ झाला, आणि ही एराटोस्थेनिसचीच रीत आहे. यात एकाची सावली १ सें.मी. चुकली तर कोनात सुमारे ०.३ अंशाचा फरक पडतो आणि उत्तर दहा टक्क्यांनी हलते. मग दोन्ही मुलांत फोनवर जो वाद होईल, तोच त्यांचा खरा विज्ञानाचा तास. हालचाल करू न शकणाऱ्या मुलालाही यात बरोबरीने भाग घेता येतो. काठी दुसऱ्याने रोवावी, वही आणि गणित त्याच्याकडे असावे.

एक आक्षेप

"हे ठीक आहे, पण परीक्षेत याचे गुण किती?" असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या मुलाला अभ्यासक्रम चुकत नाही, आणि मोजपट्टीने प्रकाशसंश्लेषणाचा धडा पाठ होत नाही. त्यासाठी पाठ्यपुस्तक आहेच. म्हणूनच भेट म्हणून आणखी एक स्वाध्यायपुस्तिका देऊ नये. प्रश्न विचारून लगेच 'बरोबर' किंवा 'चूक' असे बोलणारी विद्युत खेळणीही याच वर्गातली. ती पाठांतराची तपासनीस आहेत, सोबती नव्हेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आईवडील स्वतः शिकलेले नसतील, तर वहीत काय लिहायचे हे मुलाला कोण सांगणार? येथे शिक्षकाची गरज आहे. महिन्यातून एकदा ती वही पाहणे, एखादा आकडा संशयास्पद वाटला तर "पुन्हा मोजलेस का?" असे विचारणे, आणि दुसऱ्या गावातल्या एका मुलाशी गाठ घालून देणे, एवढे आपण करू शकतो. नुसती फीत हाती देऊन आपण बाजूला झालो, तर तीही महिन्याभरात माळ्यावर जाईल.

तेव्हा यंदाच्या सुटीत पालकांनी विचारले तर होकार देण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. वस्तूचे उत्तर झाकणावर छापलेले आहे का? मोडली तर ती घरी किंवा गावात दुरुस्त होईल का? मुलाची चूक मुलालाच दिसेल का? आणि या वस्तूमुळे त्याला दुसऱ्या कोणाशी बोलावे लागेल का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि उरलेल्या तिन्हींचे 'होय' आले, तर ती वस्तू दहा रुपयांची असो की हजाराची, खुशाल घ्यायला सांगावी. फीत, ओळंबा आणि वही घेऊन सुरुवात करायची असेल, तर पहिली नोंद २२ डिसेंबरची ठेवावी. त्या दिवसानंतर दुपारची सावली आखूड होत जाते, आणि ती का होते हे मूल स्वतःच विचारील.